गुरुवारचा आकडा

पट्टा चालू असला की गिरणीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे माझी बायको गेली हे डिंगरे सरांना मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

गुरुवार होता, दुपारची वेळ. मंगळवेढ्यात ज्वारीची सुगी संपली की आमच्या धंद्याला उसंत नसते. डबे ओळीनं लागले होते. शेजारचा सायकलवाला मैनुद्दीन उंबऱ्यावर बसून स्वतःच्या डब्याची वाट बघत होता. तेवढ्यात सर आत आले. ते गिरणीत कधी यायचे नाहीत. त्यांच्याकडचं दळण त्यांची आई मोलकरणीबरोबर पाठवायची. सरांच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

"गिरिजाबाई गेल्या!"

"कुठं गेली? तुमच्याकडंच आली होती की!"

"अण्णा, गेल्या!"

मी खटका ओढला. पट्टा लगेच थांबत नाही. तो फडफडत थांबेपर्यंत आम्ही एकमेकांकडं बघत उभे राहिलो. मग सरांनी तेच पुन्हा हळू सांगितलं आणि मैनुद्दीन उंबऱ्यावरून उठून उभा राहिला.

सरांचं घर दोन गल्ल्या सोडून. मी तसाच निघालो, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेला. ओट्यावर चटई होती. चटईवर गिरिजा होती. कुणीतरी तिच्या अंगावर सरांच्या घरातली चादर घातली होती. सरांची आई, त्यांना सगळे आक्का म्हणत, भिंतीला टेकून रडत होती.

"बसल्या बसल्या कलंडली रे पोरगी. मी इथंच तांदूळ निवडत होते. असं मान वर करून बघतेय तोवर..."

"डॉक्टर?" मी विचारलं.

"येऊन गेले," सर म्हणाले. "हृदय बंद पडलं म्हणाले."

"म्हणजे डॉक्टर येऊन गेला, आणि मग मला सांगायला आलात?"

"अण्णा, आधी डॉक्टरला बोलवायला नको?"

"आधी मला बोलवायचं."

मी तिच्याजवळ बसलो. तिच्या बोटांना खडू लागला होता.

"काही बोलली?"

"पाणी म्हणाल्या."

"दिलं?"

"दिलं. दोन घोट गेले."

"कुणी दिलं?"

सरांनी आईकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. "मी."

चटईच्या कडेला तिची पाटी पडली होती. वरपासून खालपर्यंत आकडे. भागाकार अर्ध्यावर थांबलेला. मी पाटी उचलली आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसायला लागलो.

"राहू द्या, अण्णा! त्यांचा भागाकार आहे तो!"

मी पुसली. बाहीचं पीठ लागून काळ्या पाटीवर पांढरा पट्टा उमटला. सरांच्या तोंडून कुणीतरी मारल्यासारखा आवाज आला. तो ऐकून मला त्या दिवसात पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लातूरहून मुलगी आल्यावर माती झाली.

हे गुरुवार कसे सुरू झाले ते सांगितलं पाहिजे. गिरिजा हायस्कुलात पाचवी-सहावीला गणित शिकवायची. मी दहावी नापास. लग्न ठरवताना तिच्या वडिलांना आमची गिरणी दिसली, तिला मी दिसलो की नाही मला माहीत नाही. पण संसार नीट झाला. भांडणं सगळ्यांच्या घरात होतात तेवढीच. मग मुलगी लग्न होऊन गेली आणि त्याच सुमाराला गिरिजा गुरुवारी दुपारी डिंगरे सरांकडं जायला लागली. गुरुवारी त्यांची शाळा अर्धी असायची. डिंगरे सर त्याच शाळेत मोठ्या वर्गांना गणित शिकवायचे. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि ते.

"तिथं करता काय?" मी एकदा विचारलं.

"एक आकडा आहे. तो फुटतो का बघतो."

"फुटायला नारळ आहे का?"

ती हसली. मेथी निवडत होती. "बारा कसा फुटतो? तीन चोक बारा. सव्वीस? तेर दुणे सव्वीस. तेरा मात्र फुटत नाही, काही करा. तसा एक मोठा आकडा आहे. तो बाराच्या जातीचा का तेराच्या, ते आम्हाला शोधायचंय."

"मोठा म्हणजे केवढा?"

"तुमच्या गिरणीत आजवर जेवढे दाणे दळले असतील, त्याहून मोठा."

"मग फोडू दे की सरांना एकट्याला."

"एकट्याला एक जन्म पुरायचा नाही, अहो. म्हणून दोघांनी वाटून घेतलंय."

जन्माचं काम दोघांनी वाटून घेतलंय, हे ती मेथीची काडी मोडत अगदी सहज बोलली. कुठला आकडा, हे मी विचारलं नाही. त्यांचा आकडा त्यांना लखलाभ, असं मनात म्हटलं. पुढंही कधी विचारलं नाही.

गावाला मात्र गंमत झाली. आमच्या पेठेत आकडा म्हटलं की मटका.

"अण्णा, वहिनींचा आकडा लागला का?" मैनुद्दीन दर शुक्रवारी विचारायचा. "ओपन का क्लोज?"

दळणाला आलेली माणसं हसायची. मीही हसायचो.

एका गुरुवारी मी न राहवून गिरणी बंद केली आणि त्या गल्लीत गेलो. समोरच्या घराच्या आडोशाला उभा राहिलो. ओट्यावर दोन चटया. एकीवर ती, एकीवर सर, मध्ये आक्का आणि तिचं सूप. दोघांच्या मांडीवर पाट्या. दोघं खाली मान घालून लिहीत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. एकमेकांकडं बघत नव्हते. एक शब्द बोलत नव्हते. मी तिथं बराच वेळ उभा होतो. ते बोलत असते, हसत असते, तर मला बरं वाटलं असतं. आमच्या घरात दोघं गप्प बसलो तर कुणाचं तरी बिनसलंय असं समजायचो. आणि ही दोघं गप्प होती आणि काहीही बिनसलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "हा एक आकडा फुटला की गुरुवार बंद. कबूल?"

ती हात धूत होती. आधी तिनं हात पुसले.

"कबूल," म्हणाली. "हा फुटला की बंद."

"फुटेल कधी?"

"उद्या. नाहीतर कधीच नाही."

पहिली काही वर्षं मी गुरुवारी संध्याकाळी विचारायचो, "फुटला?" ती म्हणायची, "नाही." आणि परातीत पीठ घ्यायची. पुढं मी विचारणं सोडून दिलं. माणूस कशालाही सरावतो म्हणतात. मी सरावलो नाही, विचारणं तेवढं थांबवलं.

ती गेल्यावर श्रावणात एके दुपारी सर गिरणीत आले. वीज नव्हती. मी पोत्यावर बसून होतो. सर वाळले होते. दाढी वाढली होती. माझ्यापेक्षा जास्त वाढली होती, हे मी पाहिलं.

"बसू का?"

मी दुसऱ्या पोत्याकडं बोट दाखवलं.

"अण्णा, आमचा आकडा तुम्हाला ठाऊकच असेल."

"नाही."

"बाईंनी सांगितला नाही कधी?"

"मी विचारला नाही."

जात्याच्या पुढं आमची लाकडी फळी आहे, तिच्यावर कायम पिठाचा थर असतो. सर वाकले आणि बोटानं त्या पिठात एक काढला. त्याच्यापुढं आणखी एक. मग आणखी एक. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते एक.

"सतरा वेळा एक," ते म्हणाले. "बस. एवढाच."

मी त्या ओळीकडं बघत राहिलो.

"हा ज्या आकड्यानं फुटेल, तो चौतिसाच्या पाढ्यातल्या कुठल्यातरी आकड्याच्या लगेच पुढचा असणार, एवढं गणितानं आधी कळतं. पस्तीस, एकोणसत्तर, एकशे तीन, असे. तेवढेच भागून बघायचे. शेवटी पाच असलेले सोडून द्यायचे, ते बसणार नाहीत हे उघड आहे. शेवटी तीन आणि सात असलेले बाईंचे. एक आणि नऊ असलेले माझे. यंत्र वापरायचं नाही. पुस्तकात बघायचं नाही. जगात कुणीतरी कधीच करून ठेवलं असेल हो, पण आम्ही बघायचं नाही असं ठरलं होतं."

"आणि लिहून ठेवायचं?"

"जो बसला नाही तो लिहून काय करायचा? पाटीवर करायचं, पुसायचं. गुरुवारी एकमेकांना सांगायचं, इथपर्यंत आलो, नाही. दुसऱ्याचं तपासायचं नाही. तो अपमान झाला असता."

"मग आज काय?"

सरांनी पिठाचं बोट धोतराला पुसलं. "त्या गेल्यावर माझ्या वाट्यात माझं लक्ष लागेना. म्हटलं, त्यांचा वाटा आपण घ्यावा. पण त्या जिथं थांबल्या तिथून पुढं जायला हात धजेना, अण्णा. म्हणून मागं निघालो. शेवटच्या गुरुवारी त्यांनी जो आकडा सांगितला होता, तिथून मागं मागं. आधी माघ आला. मग पौष. मग दिवाळी आली."

"दिवाळी कशी येईल?"

"म्हणजे त्यांनी दिवाळीत केलेले भागाकार. मग गणपतीतले. दर गुरुवारी कुठपर्यंत आलो ते त्या सांगायच्या, माझ्या सगळं ध्यानात आहे."

मी अजून गिरिजाचं साड्यांचं कपाट उघडलं नव्हतं. धीर होत नव्हता. आणि हा माणूस तिच्या एकेका दिवसातून उलटा चालत होता, आणि तिचा प्रत्येक गुरुवार त्याला पाठ होता.

"चालू द्या तुमचं," मी म्हणालो. "मला कशाला सांगता?"

"परवा बसला."

"काय बसला?"

"भागाकार. बाकी शून्य."

त्यांनी एकांच्या ओळीखाली पिठात दुसरा आकडा काढला. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

"शेवटी तीन आहे. म्हणजे बाईंचा. आदल्या वर्षीच्या संक्रांतीच्या सुमाराला त्या याच्यावरून गेल्या. त्या गुरुवारी ओट्यावर बसून मला म्हणाल्या, वीस लाख ऐंशी हजारांपर्यंत आले, सर, नाही." त्यांनी त्या आकड्याखाली बोटानं रेघ ओढली. "इतक्या वर्षांत एक चूक नाही हो त्यांची. मी वर्गात फळ्यावर चुकायचो, त्या चुकायच्या नाहीत. एकदाच चुकल्या, आणि नेमक्या इथं. हा तेव्हा सापडला असता तर त्यांनी डोळ्यांनी बघितला असता."

ते रडायला लागले. दुसऱ्याच्या बायकोसाठी माझ्याच पोत्यावर बसून माणूस रडतो आणि आपण त्याला पाणीसुद्धा विचारत नाही, असं मी त्या दिवशी केलं.

"अण्णा, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"त्या सुमाराला त्यांचं मन ठिकाणावर नसेल असं काही घडलं होतं का घरी? तब्येत? की... तुम्ही काही बोलला होतात का त्यांना?"

"माझ्यामुळं तिचा भागाकार चुकला म्हणता?"

"तसं नाही..."

"तसंच म्हणताय तुम्ही."

"मला फक्त कळायला हवंय, अण्णा. का चुकल्या ते. त्या चुकणाऱ्यातल्या नव्हत्या. काही बोलल्या होत्या का तुमच्याजवळ?"

मी फळीवरच्या एकांकडं बघत होतो. ते मी आधी पाहिले होते. मी स्वतःच्या हातानं काढले होते.

त्या संक्रांतीला गिरिजा घरी तिळाच्या वड्या थापत होती. थापता थापता तशीच उठून गिरणीत आली. संध्याकाळ झाली होती, गिऱ्हाईक नव्हतं. पट्टा मी नुकताच थांबवला होता. तिच्या हाताला तिळाचा वास होता.

"अहो, एक गुणाकार करा बघू."

"आत्ता? कशाचा?"

तिनं दाराच्या मागल्या बाजूला खडूनं एक लांबलचक आकडा लिहिला. त्याच्याखाली त्याच्याहून जरा आखूड दुसरा. गुणाकाराची रेघ ओढली आणि खडू माझ्या हातात दिला.

"एवढा मोठा? गिरणीवाल्याला एवढा गुणाकार लागत नाही."

"येत नसेल तर राहू द्या."

हे तिनं असं म्हटलं की मी खडू घेतला. एकेका आकड्यानं गुणत खाली खाली ओळी लिहीत गेलो. दार पुरेना. गुडघ्यावर बसलो. ती मागं उभी. हातचे मोठ्यानं म्हणत होतो म्हणून तिच्या मध्ये बोलण्याचा प्रश्न नव्हता. मग बेरीज घेतली. उजवीकडून पहिला एक आला. दुसराही एक. तिसरा एक.

"चुकलो वाटतं मी."

"नाही चुकलात. पुढं करा."

चौथा एक. पाचवा एक. मी घाईनं करायला लागलो, नंतर भीतीनं सावकाश करायला लागलो. दाराच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोचलो आणि शेवटचाही एकच.

"अगं, हे काय! सगळे एकच आले की!"

"आले ना?"

"जादू आहे का ही?"

तिनं तोंडाला पदर लावला होता. हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "खडू गेला," म्हणाली.

"कुणी शिकवली ही जादू?"

"कुणी नाही. गंमत आहे. तुमची आणि माझी. कुणाला सांगायची नाही."

आणि तिनं पदरानं दार पुसून टाकलं. आम्ही घरी गेलो, वड्या खाल्ल्या. त्यानंतरच्या गुरुवारी ती पाटी काखेत घेऊन निघाली, नेहमीसारखी.

म्हणजे तिला सापडला होता. तिनं तो सरांना दाखवला नाही, मला दाखवला. माझ्या हातून करून घेतला. हा फुटला की बंद, असं तिनं मला कबूल केलं होतं. फुटला तेव्हा तिनं तो आणून माझ्यापुढं ठेवला, आणि मी तो ओळखला नाही, कारण आकडा कुठला हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी तिथं 'हाच का तो?' एवढं म्हणालो असतो, तर ती नाही म्हणाली नसती. मग गुरुवार तिथंच संपले असते. मी म्हणालो नाही. मग ती गेली आणि सरांना म्हणाली, नाही. पुढं एक वर्षभर प्रत्येक गुरुवारी नाही म्हणाली. ज्या भागाकारांतून काही निघणार नाही हे तिला ठाऊक होतं, ते करत तिथं बसली. तसं करतानाच गेली.

"अण्णा?" सर म्हणाले. "काही आठवतंय का?"

चूक नव्हती, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण सर गणिताचे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग लपवलं का? आणि उत्तरासाठी माझी वाट बघितली नसती. त्यांना ते स्वतःच, तिथंच पोत्यावर बसल्या बसल्या मिळालं असतं. चूक झाली असं समजतात तोवर ते शेवटचं वर्ष त्यांच्या लेखी नुसत्या भागाकारांचं होतं. सांगितलं तर ते वर्ष त्यांचं झालं असतं. आमच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत असं एक वर्ष मला कुणी दाखवू शकत नव्हतं.

तेवढ्यात वीज आली. डोक्यावरचा दिवा लागला.

"डबे खोळंबलेत, सर," मी म्हणालो आणि उठून खटका ओढला.

पट्टा फिरायला लागला. फळी थरथरायला लागली आणि पिठातले आकडे पुसट होत होत सपाट झाले. सर ते बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण मला ऐकू आलं नाही. मग ते उठून गेले.

शिक्षक दिनाला शाळेनं गिरिजाच्या नावानं कार्यक्रम ठेवला. मला पुढच्या ओळीत बसवलं. फळ्यावर सतरा एक लिहिले होते, खाली ज्यांच्या गुणाकारानं ते होतात ते दोन आकडे. सर बोलायला उभे राहिले. किती वर्षं, कसं, सगळं सांगितलं. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती.

"हा आकडा गिरिजाबाईंच्या वाट्यातला," सर म्हणाले. "शोध त्यांचाच समजा. फक्त एका क्षणी त्यांची नजर चुकली. माणूस आहे, चुकतो. त्यांच्यासारखा माणूसही चुकतो, हे मुलांनो लक्षात ठेवा, आणि आपलं गणित पुन्हा तपासत जा."

टाळ्या झाल्या.

मैनुद्दीन माझ्या मागं बसला होता. तो माझ्या कानाशी वाकला. "वहिनी चुकल्या होय? एका बेरजेवरून माझ्या पोराला तास संपेपर्यंत उभं केलं होतं त्यांनी."

"गप बस."

"नाही, मी आपलं..."

"गप बस म्हणतो ना."

मुलगी कार्यक्रमाला लातूरहून आली होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, आई खरंच चुकली होती का हो?" मी म्हणालो, सर म्हणतात. ती म्हणाली, "मला नाही वाटत." मी ताट घेऊन बसलो, आणि जेवलो नाही. गिरिजाची एक बेरीज चुकलेली मी कधी बघितली नव्हती. आणि आता सहावीतली पोरं, जी तिला घाबरून पाढे पाठ करायची, ती घरी जाऊन सांगणार होती की बाई चुकल्या होत्या.

त्यानंतरच्या गुरुवारी मी सांगायचं ठरवून निघालो. गिरणी बंद केली, अंग धुतलं, धुतलेला सदरा घातला. गल्लीच्या तोंडाशी आलो. ओट्यावर सर बसले होते, मांडीवर पाटी. त्यांच्या समोर तिची चटई अंथरलेली होती. झटकून, नीट, कडा जुळवून. ती येईल म्हणून अंथरावी तशी. मी समोरच्या घराच्या आडोशाला थोडा वेळ थांबलो आणि परत आलो.

आक्का वारली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गिरणी मी अजून चालवतो, पण दिवसातून थोडा वेळच. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दळण घेऊन ते आता स्वतः येतात, भिंतीला हात लावत. मी त्यांचा डबा आधी घेतो. दळण होईपर्यंत ते पोत्यावर बसतात. कधी कधी पट्टा थांबल्यावर म्हणतात, "अण्णा, त्यांची ती एक चूक माझ्या मनातून जात नाही हो." मी डबा भरतो, झाकण लावतो आणि त्यांच्या हातात देतो.

ती चूक नव्हती, हे सरांना सांगायचं राहिलं आहे.